हातचा

शटर वर ढकललं तेव्हा आत पंप ओरडत असायला हवा होता. तो गप्प होता.

दसऱ्यानंतरचा मंगळवार होता. चार दिवस बंद असलेल्या शेडमध्ये सुकलेल्या झेंडूचा आणि उदबत्तीचा वास कोंडला होता. मधल्या टेबलावर, नारळाशेजारी, आमचा नवा सिरिंज पंप कपाळी हळदकुंकू लावून बसला होता आणि इमानेइतबारे चालत होता. मोटारीची बारीक टिकटिक ऐकू येत होती. पडद्यावर ‘एकूण ८.०० मिली’ असं दिसत होतं. सिरिंजमधला दट्ट्या मात्र साडेनऊची रेघ ओलांडून पुढं गेला होता.

नऊ मिली झाले की थांब आणि ओरड, असं मी स्वतः शुक्रवारी त्याला नेमून दिलं होतं. तो थांबला नव्हता. त्याच्या हिशोबानं नऊ झालेच नव्हते.

हा पंप दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांसाठी होता. तळहातात मावतील अशी ती बाळं. त्यांना काही औषधं एकदम टोचून चालत नाहीत, तासाला एक दशांश मिली इतकी सावकाश द्यावी लागतात. पंपाची मोटार दट्ट्या हळूहळू ढकलते आणि आतला प्रोग्रॅम किती औषध गेलं याची बेरीज करत राहतो. डॉक्टरांनी ठरवलेला आकडा आला की पंपानं थांबायचं. बेरीज चुकली तर पंप थांबत नाही, आणि एवढ्याशा जिवाला जास्तीचं औषध सोसत नाही. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कारखान्यानं दोन वर्षं खपून तो बनवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मिरजेला डॉक्टर शिरगुप्प्यांच्या हॉस्पिटलात जायचा होता. त्यांचा परदेशी पंप बंद पडला होता आणि एक बाळ आमच्या पंपाची वाट बघत होतं.

आता तो पूजेत चालू कसा, हे सांगायला हवं. खंडेनवमीला यंत्रांची पूजा करायची आणि पूजा उचलेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. बाकीची यंत्रं आम्ही बंद करूनच पूजली. या पंपाच्या बाबतीत मात्र आमच्या मालकांनी, भूपालअण्णा बिरनाळ्यांनी, हट्ट धरला.

“ज्यानं हॉस्पिटलात कधी थांबायचं नाही, त्याची पूजा बंद करून कशी करायची? चालू ठेव.”

मी सिरिंजमध्ये पाणी भरलं. जोरात सोडलं असतं तर काकींची, म्हणजे अण्णांच्या बायकोची, रांगोळी भिजली असती. म्हणून अगदी कमीत कमी वेग लावला, तासाला एक दशांश मिली. त्या वेगावर इतका वेळ आम्ही तो कधीच चालवला नव्हता. पंप तपासायचं काम माझं होतं आणि मी तो तासाला पन्नास मिलीनं पळवून तपासला होता. वेग वाढवला की जेवणाच्या सुट्टीआधी काम उरकतं. बेरीज ती बेरीज, हळू काय अन् जोरात काय, असंच सगळे धरून चाललो होतो.

मी तसाच उभा असताना बाहेर स्कूटी थांबली आणि रुक्साना मुजावर आत आली. प्रोग्रॅम तिचा होता. गणितात एम.एस्सी. केलेली, बारीक चणीची, आणि जिभेला धार. आमचं फारसं पटायचं नाही, कारण तिच्या कामात खोड काढणं हेच माझं काम होतं आणि त्याचाच मला पगार मिळायचा.

“काय रावसाहेब, आज लवकर?”

माझं नाव रावसाहेब खोत. साहेबपण तेवढं नावातच.

“तुझं पोर आठवर अडकलंय,” मी म्हटलं.

ती टेबलाशी वाकली. पडदा बघितला, दट्ट्या बघितला, पुन्हा पडदा. हात दोन्ही पाठीमागं बांधलेले. पूजा अजून उचलली नव्हती ना! ती मुसलमानाची पोर, पण कारखान्यातला रिवाज माझ्यापेक्षा तीच जास्त पाळायची.

“मोटार चालू आहे,” ती म्हणाली. “पाणी जातंय. आणि हा म्हणतोय जात नाही.”

“तेच तर.”

“गप बस जरा.”

थोड्या वेळानं अण्णा आणि काकी आले. काकींनी अक्षता टाकून, नारळ हलवून पूजा उचलली आणि मग कुठं आम्हाला पंपाला हात लावता आला. अण्णांनी एकवार बघितलं आणि त्यांचा निकाल तयार.

“कुंकू आत गेलं असणार.”

काकींचा चेहरा पडला. “मी जरा जास्तच लावलं काय?”

मी झाकण उघडलं. खरंच, मोटारीच्या फटीत कुंकवाची रेघ होती. ब्रशनं साफ केली, नवं पाणी भरलं, पन्नासच्या वेगानं पळवला. पंप ठरलेल्या आकड्यावर थांबला आणि झोकात ओरडला. अण्णांनी टाळी वाजवली.

“झालं! उद्या नऊला गाडी निघेल. डॉक्टरांना फोन करतो.”

“अण्णा,” रुक्साना म्हणाली, “कुंकवानं मोटार अडेल. बेरीज कशी अडेल? मोटार तर चालतच होती.”

अण्णांचा फोनकडं गेलेला हात तिथंच राहिला.

“मग कशानं अडली?”

“माहीत नाही अजून.”

“माहीत नाही!” अण्णा चिडले. त्यांचं चिडणं बरोबरच होतं. हळदीचा बापजाद्यांचा धंदा भावाच्या हाती सोपवून त्यांनी हे खूळ डोक्यात घेतलं होतं आणि घरातलं कुणी त्यांच्या बाजूला नव्हतं. “दोन वर्षं ऐकतोय मी. तू कधी छातीठोकपणे ‘झालं’ म्हणून सांगितलं नाहीस. सदा हातचा राखून बोलतीस. एक बाळ तिकडं थांबलंय, कळतंय का तुला?”

रुक्साना टेबलाशी जाऊन बसली, पाठकोरे कागद ओढले आणि आकडे मांडायला लागली. अण्णा केबिनमध्ये गेले. डॉक्टरांना त्यांनी फोन केला, पंप पास झालाय म्हणून सांगितलं, ते काचेतून ऐकू आलं.

मला गप्प बसवेना. “आकडा ठेवायची जागा मोठी करून बघ की,” मी म्हटलं. “दुप्पट मोठा आकडा मावेल अशी. सगळे तेच करतात.”

“करते. तुझं समाधान होऊ दे.”

तिनं तो बदल केला. चार दिवस थांबायला नको म्हणून बेरीज ७.९९ पासून सुरू केली आणि पंप पुन्हा सावकाश सोडला. आमचा चहा संपला तोवर पडद्यावर ८.०० आलं. दुसरा चहा झाला. ८.०० तसंच. दट्ट्या आपला पुढं सरकतोय.

“ही चिप स्वस्तातली आहे,” ती म्हणाली. “हिच्याकडं मोठी खोली मागितली तरी त्याच मापाची मिळते. दारावरची पाटी तेवढी वेगळी.”

“आधीच ठाऊक होतं तुला?”

“शंका होती. आता खात्री झाली.”

तिनं कागद माझ्याकडं सरकवला. माझं गणित बेतास बात, पण तिनं बोट ठेवून दाखवलं तेव्हा कळलं. पंप सेकंदात शंभर वेळा बेरीज करत होता. दर वेळी मिळवायचा औषधाचा तुकडा इतका बारीक की आधीच्या मोठ्या आकड्याशेजारी तो पुरता मावत नव्हता. बेरीज वाढेल तसं ढोबळ होत जाणाऱ्या मापात प्रोग्रॅम त्याला बसवत होता, कधी थोडा छाटून, कधी फुगवून. एकापासून चारपर्यंत बेरीज मागं पडत होती. चारपासून आठपर्यंत जवळजवळ पावणेदोन पट वेगानं पळत होती. आठनंतर तुकडा पूर्णच गळत होता आणि बेरीज जागची हलत नव्हती.

“म्हणजे आठपर्यंतही बरोबर नव्हती?”

“नव्हती. डॉक्टरांनी चार सांगितले तर बाळाला जास्त जाणार. सात सांगितले तर कमी जाणार. नऊ सांगितले तर पंप थांबणारच नाही.” तिचा आवाज कोरडा झाला होता. “आणि पन्नासच्या वेगाला तुकडा मोठा, म्हणून चूक शेकड्याला एक. ती तुझ्या मापात पास.”

आम्ही दोघं केबिनमध्ये गेलो. अण्णांनी कागद उलटासुलटा बघितला आणि बाजूला ठेवला. “मला माणसाच्या भाषेत सांग.”

रुक्सानानं जरा विचार केला. “अण्णा, मार्केट यार्डात हळदीचा भरलेला ट्रक काट्यावर उभा आहे. त्यावर चिमूटभर हळद टाकली. काटा हलेल?”

“कसा हलेल?”

“आता हजार वेळा चिमूट टाकली. पण दर वेळी काटा जे दाखवतो तेच खरं धरायचं, टाकलेली चिमूट विसरायची, आणि पुढची टाकायची. तर?”

अण्णा खुर्चीत सरळ झाले. धंदा सोडला तरी काटा त्यांना कळत होता. “मग पोतंभर टाकलं तरी काटा तिथंच,” ते सावकाश म्हणाले. “आणि माल मात्र गेला.”

“बाळाच्या अंगात गेला.”

बाहेर काकी पाटावरचं निर्माल्य गोळा करत होत्या. त्या दारात येऊन थांबल्या.

“मग करायचं काय?” अण्णांनी विचारलं.

“काट्याशेजारी एक वाटी ठेवायची. जी चिमूट काट्याला कळली नाही ती वाटीत. वाटीत पुरेसं साठलं की काट्यावर. काही सांडायचं नाही, काही विसरायचं नाही.” मग ती जरा हसली, सकाळपासून पहिल्यांदा. “तुम्ही म्हणालात ना, मी हातचा राखून बोलते. अण्णा, हातचा राखला नाही म्हणूनच तर घोळ झाला. बेरजेत हातचा विसरले मी.”

“हातचा वरच्या घरात जातो की गं,” काकी दारातून म्हणाल्या. लग्नाआधी त्या शाळेत शिकवायच्या. “हे तर खाली उरलेलं आहे.”

“असू दे की काकी. विसरलं की गणित चुकतं, एवढं तर सारखं आहे ना?”

काकींनी मान डोलावली. रुक्सानानं प्रोग्रॅममध्ये खरोखरच त्या वाटीचं नाव ‘हातचा’ ठेवलं, आणि ते आजही तसंच आहे. त्या दिवशी तिला ते लिहायला अर्धा तास पुरला. पुन्हा ७.९९ पासून सोडला. थोड्या वेळानं ८.०० आलं आणि मग सावकाश, काहीच न घडल्यासारखं, ८.०१. मी टेबलावर थाप मारली.

“चला! उद्या नऊला गाडी.”

“चार दिवस,” रुक्साना म्हणाली.

“काय?”

“शून्यापासून, कमीत कमी वेगानं, नऊपर्यंत. पाणी वजनकाट्यावर घ्यायचं आणि बेरजेशी ताळा घ्यायचा. तोवर मी कागदावर सगळ्यात हळू वेग आणि सगळ्यात मोठी सिरिंज धरून बघते, चूक जास्तीत जास्त कितीपर्यंत जाऊ शकते ते.”

“अगं, आत्ता आठ ओलांडलेलं बघितलं ना तू?”

“जिथं चूक आहे हे ठाऊक होतं, तिथं बघितलं. जिथं ठाऊक नाही तिथलं काय?”

मी अण्णांकडं बघितलं. अण्णा भिंतीकडं बघत होते. तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि डॉक्टर शिरगुप्पे स्वतः आत आले. दाढी वाढलेली, शर्टाला चहाचा डाग.

“उद्यापर्यंत थांबवत नाही अण्णा,” ते उभ्या उभ्याच म्हणाले. “पंप आत्ताच नेतो. सिस्टर हातानं औषध देऊन देऊन थकल्यात. पास झालाय म्हणालात ना फोनवर?”

पंप टेबलावर चालू होता, नवीन, चकचकीत. अण्णांनी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. पंप बहुधा नीटच चालला असता, हेही मला ठाऊक होतं. त्या ‘बहुधा’वर मी तर गाडी भरायला निघालो होतो.

“डॉक्टर,” अण्णा म्हणाले, “पास झालाय तो पन्नासच्या वेगाला. तुमचं बाळ पन्नासनं औषध घेतं काय?”

“म्हणजे?”

“बेरजेत चूक सापडली. दुरुस्त केलीय, पण खात्री व्हायला चार दिवस पाहिजेत. आज पंप देत नाही मी.”

डॉक्टर खवळले. “चार दिवस? अण्णा, बाळ माझ्याकडं आज आहे! तुमच्या भरवशावर मी दुसरीकडं विचारलं नाही.”

“चुकलंच माझं. आता विचारा. माझी गाडी घ्या, ड्रायव्हर घ्या, कोल्हापूर, बेळगाव, कुठंही पाठवतो. पण हा पंप नाही.”

डॉक्टर रुक्सानाकडं वळून म्हणाले, “चूक काय होती?” तिनं चार, सात आणि नऊचं सांगितलं. ऐकताना त्यांचा राग उतरत गेला आणि त्या जागी दुसरंच काही आलं.

“मी सात लावणार होतो,” ते एवढंच म्हणाले आणि अण्णांच्या गाडीत जाऊन बसले.

कोल्हापुरातल्या एका डॉक्टरांनी त्यांचा पंप उसना दिला. ते बाळ पुढं सुखरूप घरी गेलं. आमचा पंप चार दिवस सावकाश चालला. मी पाणी तोलत होतो, रुक्साना कागदावर आकडे चालवत होती आणि अण्णा येता-जाता दोघांकडं बघून न बघितल्यासारखं करत होते. शनिवारी आठ ओलांडलं. कुणी टाळी वाजवली नाही. “नऊ होऊ दे,” रुक्साना म्हणाली. नऊला पंप थांबला आणि ओरडला. ताळा घेतला, जमला. मग तिनं आपला कागद घडी करून अण्णांच्या टेबलावर ठेवला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा म्हणाली, “झालं.”

काकींनी पुन्हा कुंकू लावलं. या वेळी जरा जपून.

पुढं रुक्साना लग्न होऊन हुबळीला गेली. मी तिथंच राहिलो. नव्या पंपाची तपासणी म्हटली की मी कमीत कमी वेग लावायचो, आणि नवी मुलं कुरकुरली की त्यांना त्या पूजेची गोष्ट सांगायचो. सांगताना मला वाटायचं, मला ती गोष्ट पुरती कळलीय.

सहा वर्षांनी माझ्या बायकोला, सरिताला, सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. डॉक्टर शिरगुप्पे बाहेर आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “रावसाहेब, घाबरू नका. तुमचाच पंप लावलाय.”

त्यांनी धीर द्यायला म्हटलं होतं. पण त्या पंपात काय काय बिघडू शकतं, हे त्या अख्ख्या हॉस्पिटलात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला ठेवलेल्या काचेच्या पेटीशेजारी मी उभा राहिलो आणि पडद्यावरून नजर काढली नाही. सिस्टर सिरिंज बदलायच्या, बेरीज पुढं चालू राहायची, आणि मी प्रत्येक सिरिंजच्या रेघा मोजून मनातल्या मनात ताळा घ्यायचो. सरिता शेजारच्या खोलीतून विचारायची, कशी आहे? मी सांगायचो, बरोबर चाललंय.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ८.०० आलं.

त्या वेगाला पुढचा आकडा यायला सहा मिनिटं लागतात. इतकी वर्षं मी ती सहा मिनिटं चहा पिऊन काढली होती. त्या दिवशी एकेक मिनिट कसं गेलं ते मला सांगता येणार नाही. कागदावरचं रुक्सानाचं बोट आठवत होतं. केबिनमधले अण्णा, त्यांचं ते ‘आज पंप देत नाही मी’. त्यांनी ज्या बाळासाठी तो अडवून धरला होता ते कधीच शाळेत जायला लागलं होतं. तरीही मला वाटत होतं की तो त्यांनी माझ्या पोरीसाठीच अडवला होता.

८.०१.

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन हुबळीला फोन लावला. खूप दिवसांत बोलणं नव्हतं. तिनं ‘हॅलो’ म्हणायच्या आत मी म्हणालो, “रुक्साना, आठ ओलांडलं.”

“कुणाचं?”

“माझ्या पोरीचं.”

पलीकडं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

“ताळा घेतलास?” तिनं विचारलं.

“घेतला. जमला.”

“हातचा आहे ना अजून? कुणी काढला तर नाही?”

“मी बसलोय की तिथं. कोण काढतंय?” मनात चार दिवस जुळवलेली आभाराची वाक्यं होती, त्यातलं एकही धड बाहेर आलं नाही. “तू त्या दिवशी... तुम्ही सगळ्यांनी...” एवढंच कसंबसं म्हणालो.

तिनं ते ऐकून सोडून दिलं. “कधीपासून उभा आहेस तिथं?”

“चार दिवस झाले.”

“आणि पोरगी कशी आहे दिसायला?”

कुणासारखी आहे, केस आहेत का, रंग कसा, मला काहीच सांगता येईना.

“रावसाहेब,” ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं ते नाव थट्टेशिवाय घेतलं, “पंपाकडं बघायचं सोड आता. ते मी बघितलंय. पोरीकडं बघ.”

मी आत गेलो. पडद्याकडं पाठ केली आणि पेटीवर वाकलो. तिला भरपूर केस होते, काळेभोर, आणि ती एक पाय सारखा झाडत होती.